खळीचं लुगडं

"आजी, बसा ना," म्हणत मेट्रोतली एक मुलगी उठली, तेव्हा मी आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी आजी नव्हती. मागं डब्याचा दरवाजा होता आणि त्याच्या काचेत पांढऱ्या, आखूड, कुरळ्या केसांची एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायात बूट. म्हणजे मीच. मुलगी कॉलेजातली असावी. कानातलं गाण्याचं यंत्र काढून ती वाट बघत होती. काकू नाही, मॅडम नाही, सरळ आजी. आमच्या ऑफिसातल्या कुणाला असं म्हटलं असतं तर तिनं त्याच रात्री केस रंगवले असते. मला मात्र हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. मुलगी बिचारी घाबरली, "सॉरी काकू" म्हणाली. मी म्हटलं, "नाही वं, आजीच म्हण. छान वाटून राहिलं." तिनं जरा संशयानं माझ्याकडे पाहिलं, यंत्र परत कानात घातलं आणि दांडीला धरून उभी राहिली. मी बसले. कस्तुरचंद पार्कपासून सीताबर्डी म्हणजे काही लांब नाही, एवढ्या वेळात माणूस धड टेकतही नाही. पण त्या दोन स्टेशनांत मी जितकी ऐसपैस बसले तितकी आयुष्यात कुठं बसले नसेन.

कारण असं की माझ्या आईकडच्या बायकांना आजवर कुणी आजी म्हटलेलं नाही. आईची आई गेली तेव्हा माझ्या आईचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. आई गेली ती माझी उन्नती जन्माला येण्याच्या महिनाभर आधी. दोघींनाही छातीतच गाठ. एक मावशी होती, तीही त्याच वाटेनं गेली. त्यामुळे आमच्याकडे बायका एक तर तरुण असायच्या, नाहीतर भिंतीवर असायच्या. म्हातारी बाई घरात कशी वावरते, दुपारी कुठं आडवी होते, कशावरून कुरकुरते, हे मी शेजारच्या तुळजामायकडे बघून शिकले. माझा नंबर आला तेव्हा मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर होते. रविवारी आंघोळ करताना हाताला दाण्याएवढं काहीतरी लागलं आणि सोमवारी दवाखाना उघडायच्या आत मी दारात उभी होते. वॉचमन म्हणाला, मॅडम, अजून झाडू मारून राहिले. मी म्हटलं, मारू दे, मी पाय वर घेते. मग ऑपरेशन, औषधं, केस गेले. परत आले ते असे कुरळे आणि पांढरे, कुणा दुसऱ्याचेच घेतल्यासारखे. मला ते आवडतात. मी त्यांना रंग लावलेला नाही.

आणि मी काम करते तेही याच गावचं. कर्करोगाच्या नोंदींच्या कार्यालयात मी आकडेमोड करते. कुठल्या भागात किती बायका कशानं जातात त्याचे दर काढते. एका जिल्ह्यात म्हाताऱ्या जास्त, दुसऱ्यात तरण्या जास्त, मग दोन्हीची तुलना कशी करायची? तर त्यासाठी एक खोटं गाव असतं. तिथं एक लाख माणसं, प्रत्येक वयाची रांग ठरलेली, कुठल्या रांगेत किती जागा तेही ठरलेलं. चंद्रपूर असो की मणिपूर, सगळ्यांना हिशेबापुरतं त्या एकाच गावात आणून बसवायचं आणि मग बघायचं कुठं जास्त खुर्च्या रिकाम्या होतात. नोकरीला लागल्यापासून मी मनानं त्याच गावात राहते. सगळ्यात शेवटच्या रांगेत खूप म्हाताऱ्या बायका बसतात, आणि मला त्यांचा हेवा वाटत आलाय. आमच्या घरातल्या बायकांना मी कितीदा तिथं बसवून पाहिलं. पुढच्या रांगा भरायच्या, मागं सगळं मोकळं.

रितिका, माझ्या हाताखालची हुशार पोर, या दरांचे नकाशे रंगवते. जास्त मरण तिथं गडद रंग. ईशान्येचा कोपरा गडद, मधेच काही जिल्हे अगदी फिके. तिला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की फिक्याला भुलायचं नाही. काही ठिकाणी बायका मरत नाहीत म्हणून नकाशा फिका असतो, आणि काही ठिकाणी त्या कशानं मेल्या हे कुणी विचारलंच नाही म्हणून. नागपूरचं तर विचारूच नका. छिंदवाड्याची, गोंदियाची बाई इथं उपचाराला येते आणि पुतण्याच्या खोलीचा पत्ता देते, आम्ही तो पत्ता शोधत फिरतो. शहरात रोग जास्त सापडतो, खेड्यातली बाई उशिरा येते, आणि उशिरा आलेल्या बाईचं पुढं काय होतं ते आमच्या आलेखाच्या रेघांत दिसतं. गर्भाशयाच्या मुखाची रेघ वर्षानुवर्षं उतरत आली आहे, छातीची चढत आली आहे, आणि आमच्या विदर्भात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या कृपेनं तोंडाचीही आपली वेगळी कहाणी आहे. पण एखादी रेघ उतरते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला आज त्या सीटवर बसल्यावर कळलं. कुणीतरी बाई मरायची राहते. ती घरी जाते, मेथी निवडते, नवऱ्यावर चिडते, मेट्रोत बसते. नकाशात तिचा ठिपका नसतो. आजवर मी जे दर काढत आले त्यांतली न मेलेली बाई मी होते, आणि एका कॉलेजच्या पोरीनं मला उठून जागा दिली होती. मला इतका आनंद झाला की तो समोरच्या माणसाला सांगावासा वाटला, पण तो मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

तरी त्या आनंदात एक काटा होता, आणि तो सकाळपासून टोचत होता. सकाळी पुण्याहून उन्नतीचा फोन आला होता. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तिच्या सासूबाई समजूतदार आहेत, म्हणतात, तुझ्या आईकडे कर नाहीतर इथं, आपल्याला दोन्ही चालतं. प्रश्न फक्त माझा होता. गेले तीन महिने मी "बघू" म्हणत होते. "तिथं सोय चांगली आहे, बघू." "थंडी कशी पडते ते बघू." आज ती चिडली. "आई, यानंतर डॉक्टर मला प्रवास करू देणार नाहीत. संध्याकाळपर्यंत सांग. ये म्हण नाहीतर नको म्हण, पण बघू नको म्हणू." मग हळू आवाजात म्हणाली, "मला तुझ्याकडे यायचंय गं." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "संध्याकाळी बघू." तिनं फोन ठेवला. संजीवनं चहाच्या कपावरून माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा मोठा शहाणा माणूस आहे, अशा वेळी तो पेपर उलटतो.

तिला हो म्हणायची मला भीती वाटत होती, आणि ती भीती मरणाची नव्हती. माझ्या आईनं, प्रेमिलानं, मला असंच "ये" म्हटलं होतं. मी सहा महिन्यांची पोटुशी होते. ती आमच्या तांडापेठेतल्या घरासमोर उभी राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "पोरीचं बाळंतपण मीच करीन, कोणाले हात लावू देणार नाही." तेव्हा तिला गाठ लागलेली होती. ती तिनं पदराखाली ठेवली. आधी मयुराचं होऊ दे, मग दाखवू. असं ती मनाशी म्हणाली असेल याची मला खात्री आहे, कारण शेवटी दवाखान्यात ती मलाच म्हणाली, "तुह्यं झाल्यावर सांगणार होती." आज ऑफिसात तिच्यासारख्या बायकांचा मी दर काढते. घरातलं लग्न होऊ दे, सोयाबीन निघू दे, नातवंड होऊ दे, मग दाखवू. उशिरा येणाऱ्या बायका बेफिकीर असतात असं ज्यांना वाटतं त्यांना मी आमच्या गल्लीत घेऊन जाईन. त्या शब्दाच्या पक्क्या असतात. आईनं मला शब्द दिला आणि तो पाळायला गेली. म्हणून शब्द देणं ही गोष्ट मी आयुष्यातून काढून टाकली. माझ्या घरात पुढच्या उन्हाळ्याचं पापडाचं पीठसुद्धा ठरत नाही.

सीताबर्डीला गाडी थांबली. मला तिथं उतरायचं नव्हतं, माझं घर पुढं जयप्रकाशनगरला. पण मी उतरले. बाळाला मऊ कापडं लागतात, हे निमित्त मी जिन्यावर चढता चढता शोधलं. नव्या कापडानं बाळाचं अंग सोलतं. आजीच्या अंगावर वापरून वापरून जुनं झालेलं सुती लुगडं फाडून त्याची दुपटी करायची असतात. आमच्या घरात आजी नसायचीच, त्यामुळे माझ्या वेळी आणि उन्नतीच्याही वेळी तुळजामायचं लुगडं मागून आणलं होतं. आम्ही विणकर, गल्लीभर मागांचा खडखडाट, आणि बाळाला गुंडाळायला कापड शेजारचं. दुसऱ्या गाडीनं चितार ओळीला गेले, तिथून ई-रिक्षात बसले. माग आता वाजत नाहीत. त्या खोल्यांत कुणी मोबाईल दुरुस्त करतं, कुणाची पोरं मिहानच्या कंपन्यांत कामाला जातात. पण गल्लीतून जाताना कानात तो आवाज आपोआप सुरू होतो, आणि पायही त्याच्या ठेक्यावर पडतात. आजही पडले.

तुळजामाय दारातच खुर्ची टाकून बसली होती. नव्वदीच्या आसपास असेल, तिला स्वतःला नक्की माहीत नाही. ही माझ्या त्या खोट्या गावातली शेवटच्या रांगेतली बाई, जिवंत, हातापायानं धड, आणि अंगात सूर्यफुलांचा गाऊन. मी बघतच राहिले.

"मयुरा का? ये वं ये. अशी तोंड उघडून काहून पाहून राहिली?"

"तुळजामाय, लुगडं कुठं गेलं तुमचं?"

"सोडलं. सुनेनं इतवारीतून हे आणून देल्लं. पाह्य, याले खिसा आहे." तिनं खिशात हात घालून मोबाईल, रुमाल आणि दोन लवंगा काढून दाखवल्या. "सारा जन्म लुगडं नेसली, पण एक खिसा नव्हता. कमरेले खोच, गाठ मार, मंग शोधत बस. आता आराम आहे."

मी तिच्या पायरीवर बसले आणि सांगितलं, मेट्रोत मला एकीनं आजी म्हटलं.

"मंग काय पोरगी म्हणतीन तुले? डोकं पाह्य आपलं, कापूस फुटल्यावानी झालं." मग माझा चेहरा बघून ती थांबली. "आवडलं वाटते."

"लय आवडलं."

ती हसली. दात नाहीत, त्यामुळे तिचं हसू सगळं डोळ्यांत जातं. मी म्हटलं, उन्नतीच्या बाळासाठी तुमची जुनी लुगडी मागायला आले. त्यावर तिनं कपाळाला हात लावला. "सुनेनं साऱ्याचे पोछे केले वं. पाच-सहा घरी विचारून पाह्य, पण भेटणार नाही. साऱ्याच जणी पॉलिस्टर घालून राहिल्या. ते फाटते, पण मऊ नाही होत." मग ती एकदम उठली. एवढ्या वयाची बाई एवढ्या लवकर उठते हे बघून मीच दचकले. "तुह्यं एक आहे ना माह्या पेटीत."

ते आहे हे मला माहीत होतं. आईच्या वडिलांनी, धोंडबांनी, ते बायकोसाठी विणलं होतं. काळपट हिरवं अंग, लाल करवती काठ. ती आजी होईल त्या दिवशी नेसायला. तिच्या अंगाला ते लागलंच नाही. मग ते आईचं झालं, तेही त्याच दिवसासाठी. दवाखान्यात जाताना आईनं ते तुळजामायकडे ठेवलं, माझ्यासाठी. उन्नतीच्या बारशाला तुळजामायनं ते माझ्यापुढं धरलं तर मी म्हटलं, राहू द्या, बघू. तेव्हापासून तिनं ते सांभाळलं. दरवर्षी ऊन द्यायचं, कडुलिंबाचा पाला बदलायचा, आणि घडी वेगळ्या जागी मोडायची, नाहीतर घडीवर कापड चिरतं. माझ्या म्हातारपणाची घडी ही बाई दरसाल नव्यानं घालत होती, आणि मी तिला दिवाळीला मिठाईचा पुडा देऊन पाया पडून निघून जात होते.

पेटी उघडली, पाल्याचा कडू वास आला. लुगडं हातात घेतलं तर कडक. तीन बायकांचं झालेलं आणि एकीनंही न नेसलेलं. खळ तशीच. आमच्याकडे सुताला भाताची खळ देतात, म्हणजे विणताना ते तुटत नाही. धोंडबांचा हात खळीला जड होता असं आई सांगायची. मी म्हटलं, "यात बाळाला कसं घालणार? धुऊन काढू का चार-सहा वेळा?"

"धुतल्यानं खळ जाईल. मऊ व्हाले अंगावर घालावं लागते. बस, ऊठ, लोळ, घाम येऊ दे. तीन महिने नेस रोज. मंग पाह्य कसं लोण्यावानी होते."

"मी? रोज? ऑफिसात?"

"मंग काय मी नेसू? मी तं आता खिसेवाली झाली." तिनं घड्याळाकडे पाहिलं. "उभी राह्य. माही सिरियल सात वाजता लागते, त्याच्या आत नेसवून देतो."

आणि तिनं मला नेसवलं. मी हात पसरून उभी, ओळखपत्र गळ्यात तसंच, आणि सूर्यफुलांच्या गाऊनमधली म्हातारी माझ्याभोवती फिरते आहे, पायांतून कापड ओढते आहे, कमरेला गच्च खोचते आहे. "पोट आत घे. एवढं आत नको, जेवशीन कशी?" छातीवरून पदर नेताना तिचा हात क्षणभर थांबला. तिथं एका बाजूला आता सपाट आहे. तिनं तिथं तळवा ठेवला, जसा पोराच्या पाठीवर ठेवतात, आणि पुढं पदर खांद्यावर टाकला. "प्रेमिलानं हे वेळेवर दाखवलं असतं वं," एवढंच म्हणाली. मला रडू आलं, आणि ते मी येऊ दिलं. पण त्या रडण्याखाली काहीतरी मोकळं होत होतं, ते मला स्पष्ट कळत होतं. आईचा शब्द वाईट नव्हता. शब्दासाठी तिनं गाठ लपवली ते वाईट होतं. आणि मी तर लपवणारी नाहीच. मी झाडू मारून व्हायच्या आधीच दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहणारी बाई. मी "ये" म्हटलं तर त्यात अंधार कुठं आहे? इतकी साधी गोष्ट कळायला मला मेट्रोतल्या पोरीनं उठून जागा द्यावी लागली.

मी तिथूनच उन्नतीला व्हिडिओ फोन लावला. तिनं आधी मला ओळखलंच नाही. मग ओरडली, "आई, हे काय घातलंस?"

"तुझ्या बाळाची दुपटी," मी म्हटलं. "अजून कडक आहेत. नेसून नेसून मऊ करते. तू ये."

तिनं चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला. मग म्हणाली, "नक्की? मागून बघू म्हणणार नाहीस?"

"नाही म्हणणार. बाळंतपण मी करीन. पण एक सांगून ठेवते उन्नू, मधे मला काही लागलं, दुखलं, खुपलं, तर मी आधी दवाखान्यात जाईन आणि मग तुझं पाणी तापवीन. चालेल?"

"पळत जा," ती म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "मी पण माझी तपासणी करूनच येते. दोघी रिपोर्ट मांडून बसू." मागून तुळजामाय ओरडली, "लाडवाचा डिंक इकडचा घेजो, पुण्याचा नको," आणि टीव्ही लावायला आत गेली. मी तिच्या पाया पडायला वाकले तर लुगडं करकर वाजलं. आशीर्वाद देताना तिचं अर्धं लक्ष सिरियलच्या गाण्याकडे होतं.

परतताना मी लुगड्यातच होते. खाली बूट, खांद्याला पर्स, पर्सच्या आत घडी घालून कोंबलेला ड्रेस. स्टेशनवर तपासणी करणारी पोलीस बाई हात फिरवताना म्हणाली, "काय मस्त काठ आहे, आजी." दिवसातली दुसरी. सीताबर्डीला खापरीची गाडी धरली. गर्दी होती, तरी एक पोरगा उठला आणि मी नको न म्हणता बसले. कापड कडक, मांडीला टोचत होतं. मी जरा हलले, इकडून तिकडून सरकले, पाठ सीटला घासली. शेजारच्या बाईला वाटलं असेल म्हातारीला काही चावतं आहे. राहाटे कॉलनी गेलं, अजनी गेलं. बाहेर दिवे लागले होते, खाली वर्धा रोडवर गाड्यांची रांग, आणि माझ्या मनात ते खोटं गाव होतं. मागच्या रांगांत दिवे लागले होते आणि कुणीतरी खुर्च्या पुसत होतं.

संजीवचा फोन आला. "उन्नतीनं मला फोटो पाठवलाय. तू कुठं आहेस?"

"गाडीत. बसायला जागा मिळाली आहे."

"मग उतर ना, जयप्रकाशनगर आलं असेल. चहा टाकतो."

आलं होतं. दार उघडलं, माणसं उतरली, थंड हवेची एक झुळूक आत आली. मी लुगड्याचा काठ पायाखाली येऊ नये म्हणून उचलून धरला, आणि परत सोडून दिला. "खापरीपर्यंत जाऊन येते," मी त्याला म्हटलं. "अजून मऊ व्हायचंय." दार बंद झालं. आपलं स्टेशन मागं जाताना मी काचेतून नीट बघितलं, आणि बसून राहिले.